टाकी शाबूत आहे

अमेरिकेत समुद्रात बुड्या मारण्याचा शौक मोठा आहे. शौक म्हटला की दुकान आलं, आणि दुकान म्हटलं की वकील आला, दिसला नाही तरी. पाठीवर बांधायची हवेची टाकी घेऊन फ्लोरिडातल्या एखाद्या स्कूबाच्या दुकानात गेलात, तर काउंटरमागचा गडी तुमचं तोंड नंतर बघतो, आधी टाकीच्या खांद्यावर ठोकलेली अक्षरं वाचतो. धातू कोणता, दाब किती, कारखान्यातून कधी निघाली, पाण्याची चाचणी शेवटची कोणत्या महिन्यात झाली. मग टाकी गोल फिरवून तो एक स्टिकर शोधतो. टाकी आतून तपासल्याचं सांगणारा, चालू वर्षाचा. स्टिकर नसेल तर हवा नाही. टाकी ठणठणीत असेल, तुम्ही जुने गिऱ्हाईक असाल, दुपारची बोट सुटायला आली असेल. तरी हवा नाही.

गंमत अशी की हा स्टिकर सरकारने मागितलेलाच नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नियम दर पाच वर्षांनी चाचणी करा, एवढंच म्हणतो. ती चाचणी मात्र बघण्यासारखी असते. टाकीत पाणी भरायचं, ती पाण्याच्याच बंद पिंपात बुडवायची आणि नेहमीच्या दाबाच्या पाच-तृतीयांश दाब द्यायचा. म्हणजे चौरस इंचाला ३,००० पौंड सोसणाऱ्या टाकीला ५,०००. टाकी फुगते, पिंपातलं पाणी नळीत वर सरकतं, ते मोजायचं. दाब सोडला की टाकीने परत मूळ आकारात यायचं. एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांहून जास्त फुगवटा अंगात मुरला, तर टाकी भंगारात. या कामाला हवा न घेता पाणी घेतात, कारण पाणी फारसं दाबलं जात नाही. टाकी फाटलीच तर फरशी ओली होते, भिंत उडत नाही.

ही झाली कायद्याची चाचणी. दर वर्षी झडप काढून आत दिवा सोडायचा, आरशाने भिंती न्याहाळायच्या, मानेतले आटे बघायचे आणि स्टिकर चिकटवायचा, हा रिवाज धंद्याने आपणहून घालून घेतला. त्याचे पैसे वेगळे. भीतीचीही पावती फाडता येते, हे अमेरिकेइतकं कोणाला कळलेलं नाही.

या रिवाजाला दात कुठून आले ते बघा. उद्या टाकी फुटली, खटला उभा राहिला, तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार: बाकीचे दुकानदार काय काळजी घेतात? चारचौघे स्टिकर बघत असतील आणि तुम्ही बघितला नसेल, तर तुमचा निष्काळजीपणा तिथेच सिद्ध व्हायला लागला. म्हणून पाचवाही स्टिकर मागायला लागतो, सहावा तर पाटीच लावतो. ना संसदेत विधेयक, ना राजपत्रात अधिसूचना. धंद्याने एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत बघत एक सुरक्षा-मानक जन्माला घातलं.

पुढे ही नजर जरा जास्तच तिरकी झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ६३५१ या क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या टाक्या बनत होत्या. त्यांच्या मानेजवळ भेगा पडतात असं लक्षात आलं. वापरा किंवा कोपऱ्यात ठेवा, नुसता दाब धरून बसल्यानेही वर्षानुवर्षं हळूहळू वाढणाऱ्या भेगा. काही टाक्या फुटल्या, माणसं जायबंदी झाली. सरकारने बराच विचार करून २००६ मध्ये नियम काढला आणि तो १ जानेवारी २००७ पासून लागू झाला: या टाक्यांची दर पाच वर्षांनी विद्युतप्रवाहाने भेगा हुडकणारी खास तपासणी करा, भेग नसेल तर खुशाल वापरा. बंदी नाही. पण तोवर कितीतरी दुकानांनी आपापली बंदी घालून टाकलेली होती. १९९० पूर्वीची ॲल्युमिनियमची टाकी भरून मिळणार नाही, विषय संपला. त्यात ६०६१ या निर्दोष धातूच्या टाक्याही गेल्या. त्याच दुकानात १९६० मधली पोलादी टाकी, चाचणी चालू असेल तर, निमूट भरून मिळते. ॲल्युमिनियमला धातुशास्त्र लावायचं तर शिकावं लागतं. जन्मतारीख बघायला शिकावं लागत नाही.

दुकानदाराला हसू नका. हवेने भरलेल्या त्या सर्वसाधारण टाकीत सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. एक टन वजनाची मोटार ताशी १६० किलोमीटरने धावताना जेवढी ऊर्जा घेऊन धावते, तेवढी. आणि तो गडी ती टाकी गुडघ्याशी उभी करून भरत असतो.

हा धाक अमेरिकेत आला कुठून? तो पेट्रोलच्या टाकीतून आला नाही, बॉयलरमधूनही नाही. सोड्याच्या बाटलीतून आला. कॅलिफोर्नियात एका हॉटेलातली वाढपी बाई खोक्यातल्या कोका-कोलाच्या बाटल्या एकेक करून फ्रिजमध्ये ठेवत होती. एक बाटली हातातच फुटली, तळहात खोलवर कापला. बाटली भरणाऱ्या कंपनीवर खटला झाला आणि १९४४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कंपनीच्या बाजूने काच कारखान्याचा रसायन अभियंता साक्षीला आला होता. त्याने अभिमानाने सांगितलं की, दर ६०० बाटल्यांमागे साधारण एक काढून आम्ही तिला चौरस इंचाला ४५० पौंडांचा दाब मिनिटभर देतो. बाटलीत एरवी दाब असतो ५० पौंडांच्याही आत. ही चाचणी जवळजवळ अचूकच.

अभियंत्याला वाटलं, आपण कंपनीला वाचवलं. कोर्टाने ते वाक्य उचललं आणि कंपनीच्याच गळ्यात घातलं. तपासण्याची इतकी अचूक रीत जगात असेल, तर बाटलीतला दोष सापडायलाच हवा होता. नवी काच निर्दोष निघाली असेल तर परत आलेल्या जुन्या बाटल्या पुन्हा भरण्याआधी तुम्ही तपासायला हव्या होत्या. न्यायमूर्ती ट्रेनर आणखी एक पाऊल पुढे गेले. त्यांनी स्वतंत्र मत लिहिलं: निष्काळजीपणा सिद्ध करायची भानगडच नको, सदोष माल बाजारात आणला आणि माणूस जखमी झाला की उत्पादक जबाबदार. जखमेचा खर्च एका वाढपी बाईला बुडवतो, कंपनी तो किमतीत घालून सगळ्या गिऱ्हाइकांत वाटून देऊ शकते. त्या वेळी हे मत एकट्याचं होतं. १९६३ मध्ये त्याच कोर्टात, त्यांच्याच लेखणीने, तो कायदा झाला आणि हळूहळू देशभर पसरला.

तेव्हापासून तिथला कारखानदार दाबाखालची कुठलीही वस्तू बनवताना दोन नकाशे काढतो. एक अभियंत्यासाठी, एक ज्यूरीसाठी.

ज्यूरीच्या नकाशाने काही नमुनेदार गोष्टी घडवल्या. तिकडे घरगुती प्रोपेन पुरवणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकांना पत्रक पाठवतात. त्यावर एक ठिपका असतो. तो नखाने खरवडायचा आणि हुंगायचा, गळक्या गॅसचा वास येतो. आम्हाला वास माहीतच नव्हता, असं उद्या कोर्टात कोणी म्हणू नये. आपल्याकडे हा वास चाळीतल्या पोरालाही शिकवावा लागत नाही, तो फुकट घरपोच येतो.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. अपघात झाल्यावर शहाण्या कारखान्याने काय करावं? झडप बदलावी, पत्रा जाड करावा. पण वकील कानात सांगतो, आत्ता बदललीत तर आधीची वाईट होती असं कबूल केल्यासारखं होईल. मग काय, खटला चालेपर्यंत तीच झडप, तोच पत्रा, आणखी चार गावांत. अखेर कायद्यालाच स्वतःच्या सावलीचा बंदोबस्त करावा लागला. अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांतला ४०७ क्रमांकाचा नियम सांगतो की, अपघातानंतर केलेली सुधारणा ही आधीच्या चुकीचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. हे नियम १९७५ पासूनचे. सुधारलात तर फासावर देणार नाही, असं लेखी आश्वासन दिल्याशिवाय माणसं सुधारत नाहीत, हे कायदेमंडळाने ओळखलं, एवढं श्रेय त्याला देऊ.

आता कोणी म्हणेल, कोर्टकचेऱ्यांपेक्षा जाणकारांची समिती बरी. इंजिनिअर बसवावेत, त्यांनी शास्त्र बघून मानक लिहावं, वकिलाला बाहेर उभं करावं. हे अगदी मान्य. तसंच झालं होतं.

अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांची संस्था, एएसएमई, बॉयलर आणि दाबपात्रांची संहिता लिहिते. १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून ५८ माणसं गेली, त्यानंतरच्या हालचालींतून ही संहिता उभी राहिली. आज जगभरच्या टाक्या तिच्या शब्दावर चालतात, आपल्याकडच्याही कितीतरी. तिच्यातलं एक कलम असं: बॉयलरमधलं पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की इंधन आपोआप तुटलं पाहिजे. हे इंधन तोडणारं उपकरण विकण्यात मॅकडॉनेल अँड मिलर ही कंपनी वर्षानुवर्षं दादा होती. १९६० च्या दशकात हायड्रोलेव्हल नावाची छोटी कंपनी नवं उपकरण घेऊन आली. पाणी हिंदकळलं की उगाच इंधन तुटू नये म्हणून त्यात थोडा वेळ थांबण्याची सोय होती. १९७१ मध्ये ब्रुकलिनच्या गॅस कंपनीने, मॅकडॉनेलच्या जुन्या गिऱ्हाइकाने, नव्या उपकरणाची मागणी नोंदवली.

दादा अस्वस्थ झाले. त्यांचा एक उपाध्यक्ष एएसएमईच्या त्याच विषयाच्या उपसमितीचा उपाध्यक्ष होता. उपसमितीचा अध्यक्ष हार्टफर्ड या बॉयलर-विमा कंपनीचा बडा अधिकारी, ओळखीतला. मंडळी एकत्र बसली आणि संस्थेला पाठवायचं एक निरागस शंकापत्र तयार झालं: असं थांबणारं उपकरण कलमात बसतं का हो? पत्र संस्थेच्या सचिवाकडे गेलं. सचिवाने ते, रीतीप्रमाणे, उपसमितीच्या अध्यक्षाकडे उत्तरासाठी धाडलं. म्हणजे प्रश्न लिहायला जो बसला होता, त्यानेच उत्तर लिहिलं. उत्तराचा अर्थ असा निघत होता की उपकरण धोकादायक आहे. मॅकडॉनेलच्या विक्रेत्यांनी ते संस्थेच्या कागदावरचं उत्तर गावभर फिरवलं. हायड्रोलेव्हलचा धंदा बसला.

कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर सुरक्षेच्या नावाने ढेकर दिला.

ही भानगड समितीने उघडकीला आणली नाही, शास्त्रानेही नाही. वर्तमानपत्रात बातमी आली आणि मग खटला झाला. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की संस्था नफा कमावत नसली, पदाधिकारी फुकट राबत असले, तरी त्यांनी संस्थेच्या नावाने केलेल्या उद्योगाला संस्था जबाबदार. मक्तेदारीविरोधी कायद्याखालची तिप्पट नुकसानभरपाई भरावी. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचा मुद्दा साधा होता. असा गैरवापर रोखणं संस्थेलाच जमण्यासारखं आहे, तेव्हा तिच्याच खिशाला झळ बसू द्या, म्हणजे ती डोळे उघडे ठेवेल. त्यानंतर शंकांना उत्तरं देण्याची संस्थेची पद्धत बदलली. एका माणसाच्या सहीने कलमाचा अर्थ लावणं बंद झालं. म्हणजे सुरक्षा-मानक लिहिणाऱ्यांसाठीचं सुरक्षा-मानकही शेवटी वकिलाच्या धाकानेच आलं.

एक जुनी गोष्ट राहिली, साखरपट्ट्यातल्या वाचकांसाठी. १५ जानेवारी १९१९ रोजी बॉस्टनमध्ये मळीची अवाढव्य टाकी फाटली, ५० फूट उंच. मळीच्या लाटेत २१ माणसं मेली. टाकी आधीपासून गळत होती. कंपनीचा उपाय म्हणजे तिला तपकिरी रंग दिला, गळती दिसू नये म्हणून. बांधकामावर देखरेख होती खजिनदाराची. टाकी पाण्याने पूर्ण भरून बघायची, तर सहा इंच पाणी घालून काम उरकलं. कोर्टात कंपनी म्हणाली, अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला. काही वर्षं सुनावणी चालली, १९२५ मध्ये कंपनीला भरपाई द्यावी लागली. त्या प्रकरणानंतर तिकडे बांधकामाचे नकाशे आणि हिशेब अभियंत्याच्या सहीने दाखल करण्याची सक्ती आली. त्या टाकीत दाब वगैरे काही नव्हता, नुसती मळी होती. ज्यांच्या आवारात मळीच्या टाक्या आहेत त्यांनी आपल्या टाकीचा रंग एकदा बघून यावा.

आता आपल्या घरी येऊ. येताना न्यूयॉर्कमार्गे यावं लागेल.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या ई-६१० या टाकीत पाणी शिरलं. आत ४० टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट होतं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या उन्हाळ्यापासून बंद होती, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. टाकी तापली, दाब वाढला. आणि मग, हे नीट वाचा, दाबपात्राच्या मानकाने आपलं काम चोख बजावलं. दाब ठरावीक मर्यादेला पोचताच सुरक्षा झडप उघडली. टाकी फुटली नाही. आतला वायू नळीतून बाहेर पडला, शहरावर. टाकी वाचली.

सुरक्षा झडप टाकीला वाचवण्यासाठी असते. नळीचं दुसरं टोक कोणाच्या अंगणात उघडतं, हे तिला विचारलेलं नसतं. ते विचारायला अंगणातल्या माणसाची कोणाला तरी भीती वाटावी लागते.

आठवड्याभरात अमेरिकेतले नामांकित वकील भोपाळच्या विमानात बसले. गिधाडं, असं त्यांना आपण म्हटलं आणि त्यात फार खोटं नव्हतं. मेल्विन बेली यांनी तर त्याच आठवड्यात १५ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. मग भारत सरकार स्वतः न्यूयॉर्कच्या कोर्टात उभं राहिलं. तिथे जो प्रकार झाला तो कुठल्याही वगनाट्यात शोभावा. भारत सरकार म्हणालं, आमच्या कोर्टांना हा खटला झेपणार नाही, विलंब होतो, अनुभव नाही, तो तुम्हीच चालवा. अमेरिकन कंपनी म्हणाली, छे छे, भारतीय न्यायव्यवस्था उत्तम आहे, समर्थ आहे, खटला तिकडेच पाठवा. आपल्या कोर्टांच्या कर्तबगारीची ग्वाही देणारं प्रतिज्ञापत्र कंपनीच्या बाजूने कोणी दिलं? मुंबईच्या नानी पालखीवालांनी. घटनेसाठी आयुष्यभर भांडलेला एवढा मोठा कायदेपंडित, आणि त्याने केलेली आपल्या न्यायालयांची स्तुती नेमकी कोणाच्या कामी आली!

मे १९८६ मध्ये न्यायमूर्ती कीनन यांनी खटला भारतात पाठवला. कंपनी हरली असती तर न्यूयॉर्कमध्ये ज्यूरीसमोर उभी राहिली असती. ती जिंकली आणि भोपाळला आली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मागितले होते ३३० कोटी. २०१० मध्ये हयात असलेल्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि जामीन लगेच मिळाला. भरपाई वाढवून मागणारी केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. आपल्या न्यायव्यवस्थेवर एवढा विश्वास त्या कंपनीने का टाकला, हे आता कोणाला समजावून सांगायला नको.

तोच वायू अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावीही साठवला जात होता, भोपाळच्या भावंड कारखान्यात. पुढे तो कारखाना बायर कंपनीकडे गेला. ऑगस्ट २००८ मध्ये तिथे एका पात्राचा स्फोट होऊन दोन कामगार गेले. मिथाइल आयसोसायनेटची टाकी जवळच होती, तिला काही झालं नाही. कंपनीला उत्पादन पुन्हा सुरू करायचं होतं. गावातले काही रहिवासी फेब्रुवारी २०११ मध्ये कोर्टात गेले, न्यायाधीशांनी तात्पुरती मनाई दिली. मार्चमध्ये कंपनीने जाहीर केलं की आता ते उत्पादन सुरूच करणार नाही. वायू गळायच्या आधी, त्याने कोणी मरायच्या आधी, चार लोकांच्या अर्जावर टाकी रिकामी राहिली. यात वकिलांनी किती फी खाल्ली मला ठाऊक नाही. जेवढी खाल्ली ती पचो.

आपल्याकडे कायदा नाही असं मात्र म्हणू नका. कायदा तर असा आहे की अमेरिकेने शिकावा. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम हे जहाल आम्ल गळलं. त्या प्रकरणात सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने १९८६ च्या डिसेंबरात सांगितलं की, धोकादायक उद्योग करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. दैवी आपत्ती, तिऱ्हाइताची चूक, कुठलीही सबब चालणार नाही. भरपाईही उद्योग जितका मोठा तितकी मोठी. एकोणिसाव्या शतकातला इंग्रजांचा नियम सबबींना जागा ठेवत होता, आपण ती जागाच बुजवली. केवढं दणदणीत!

मग १९९१ मध्ये या निरपवाद जबाबदारीचा विमा कायदा आला. चूक कोणाची हे न विचारता तातडीची मदत, हे त्याचं ब्रीद. मदत किती, ते शेवटी जोडलेल्या अनुसूचीत. कायदा आला तेव्हा मृत्यूला २५,००० रुपये. मालमत्तेच्या नुकसानीला कमाल ६,०००. तीन दशकांहून जास्त काळ हे आकडे हलले नाहीत. या मधल्या काळात सोनं कुठून कुठे गेलं ते आठवा. भरपाई निरपवाद, भीती शून्य.

म्हणून आपल्या टाक्यांवरचं मानक वेगळ्याच धाकाने चालतं. स्फोटकं, पेट्रोलियम आणि दाबाखालची पात्रं सांभाळणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. नियम तिथेही कसून लिहिलेले आहेत, चाचणी, झडप, अंतरं, परवाना, सगळं. पण कारखानदाराला विचारा, टाकीची चाचणी कशासाठी करतोस? तो म्हणेल, इन्स्पेक्शन आहे म्हणून. शेजारच्या वस्तीसाठी, असं उत्तर मिळालं तर मला कळवा. इन्स्पेक्टरसाठी केलेली चाचणी इन्स्पेक्टरपुरतीच असते. फाइलमधला दाखला कोऱ्या करकरीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असतो, टाकीवरचा दाबमापक काटा शून्यावर अडकलेला असतो, आणि दोघांचं एकमेकांशी वैर नसतं.

डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला. मे २०२४ मध्ये पुन्हा झाला, दुसऱ्या कारखान्यात. काचा किलोमीटरभरातल्या घरांच्या फुटल्या. दोन्ही वेळा साग्रसंगीत सगळं झालं: मंत्री आले, समिती नेमली, कारखाने हलवण्याची चर्चा झाली, सरकारने मदत जाहीर केली. सरकारची मदत म्हणजे तुमच्या-माझ्या करातली. स्फोट एकाच्या टाकीचा आणि वर्गणी सगळ्या गावाची, अशी ही गणेशोत्सवाची पद्धत. कारखानदाराने घाबरावं तरी कोणाला?

अमेरिकेतल्या त्या दुकानदाराचा स्टिकर मूर्खपणाचा आहे, ज्यूरीसाठी काढलेला नकाशा महागडा आहे, वकील हावरे आहेत. हे सगळं मान्य करून सांगतो, मला तो मूर्खपणा परवडेल.

तोवर जे हाताशी आहे ते वापरा. १९९१ चा तो विमा कायदा कारखान्याबाहेरच्या लोकांसाठीच आहे, कामगारांसाठी वेगळे कायदे आहेत. धोकादायक पदार्थ हाताळताना अपघात होऊन तुमच्या घराचं, अंगाचं, माणसाचं नुकसान झालं, तर अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करायचा. कारखानदाराची चूक सिद्ध करावी लागत नाही. मोठ्या भरपाईसाठी दिवाणी दाव्याचा हक्क त्याने जात नाही. रक्कम तुटपुंजी वाटते म्हणून अर्जच करायचा नाही, हा आपला जुना स्वाभिमान या एका बाबतीत बाजूला ठेवा आणि इमारतीतल्या प्रत्येक घराने स्वतंत्र अर्ज द्या. मुदत अपघातापासून पाच वर्षांची आहे.